बीएमडब्ल्यू एम१२/१३
फॉर्म्युला वन शर्यतींसाठी म्यूनिकमध्ये बांधलेले चार सिलिंडरचे टर्बो इंजिन. अभियंता पॉल रोशे. क्षमता १,४९९ घसेंमी.; सिलिंडरचा व्यास ८९.२ मिमी., दट्ट्याची धाव ६० मिमी. धाव अशी आखूड असल्यामुळे दट्ट्याचा वेग आवाक्यात ठेवून फेरे वाढवता येतात. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, एकच टर्बोचार्जर आणि इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रण.

सर्वांत विलक्षण भाग त्याचा ब्लॉक. तो १९६१ च्या साध्या प्रवासी मोटारीच्या एम१० इंजिनाचा, ओतीव लोखंडाचा. रस्त्यावर हजारो किलोमीटर धावलेले जुने ब्लॉकही वापरले गेले. वारंवार तापून-निवून ओतकामातील अंतर्गत ताण निघून गेलेला असे. नव्या धातूच्या मोहात न पडता जुन्यातले बळ ओळखणे, ही खरी कारागिरी.

१९८२ च्या कॅनडा ग्रां प्रीत पहिला विजय. १९८३ मध्ये ब्राबम बीटी५२ मधून नेल्सन पिके विश्वविजेता, टर्बो इंजिनावरचा पहिलाच. पात्रता फेरीसाठी टर्बोचा दाब कमालीचा वाढवत. तेव्हाची शक्ती १,३०० अश्वशक्तीच्या आसपास असल्याचे अंदाज आहेत. अशी इंजिने मोजक्या फेऱ्यांतच संपत. एकूण विजय ९, शेवटचा मेक्सिकोत, १९८६.