नाण्याचे मोल

कुर्ल्यात पायासाठी खणताना जुने चांदीचे नाणे मिळाले, तर माणूस बहुधा सराफाकडे जाईल. सराफ ते तोलून चांदीचा भाव सांगेल. पण नाण्याचे खरे मोल ते कुठे आणि कशासोबत सापडले यात असते.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. प्रत्येकाचे वजन सुमारे २ ग्रॅम. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. पण ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. त्याला या ठेव्याने भक्कम पुरावा मिळाला. नाणी आटवली असती, तर हाती फक्त चांदी उरली असती.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. कुर्ल्यासाठी हे कार्यालय वांद्र्याला आहे.

मुलांना एवढे जरूर सांगावे: नाणे घासू नका, जागा, खोली आणि सोबतच्या वस्तू आधी लिहून ठेवा. धातुशोधक यंत्र फक्त धातू दाखवते, इतिहास ही नोंदच दाखवते.