आटे पुसलेली बंदूक

पोलिसाच्या खांद्यावरच्या लाकडी दस्त्याच्या जुन्या बंदुकीला आपण सरसकट ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण त्याच घडणीची, तशाच बोथट तोंडाची एक बंदूक अशी आहे की तिच्या रिकाम्या नळीत उजेड धरून डोकावलं तर आतून ती साफ गुळगुळीत दिसते. गोळीला फिरकी देणारे आटे तिच्यात नाहीत. नळीचं भोकही ०.३०३ इंचाऐवजी ०.४१० इंचाचं. ही पोलिसांची ‘चारशे दहा’ मस्केट. मुळात ती अस्सल लष्करी रायफल होती, नंतर मुद्दाम अशी करून घेतलेली.

अशा बंदुकीचं कूळ शोधायचं तर नळीपासून नव्हे, बोल्टच्या मुठीपासून सुरुवात करावी. मुठीखाली, दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथल्या पट्टीवर शिक्के असतात : मुकुट, कारखान्याचं नाव, साल, नमुन्याचा क्रमांक. ‘बीएसए’ असेल तर जन्म बर्मिंगहॅमचा, ‘लिथगो’ असेल तर ऑस्ट्रेलियाचा, आणि ‘ईशापूर’ असेल तर कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठचा. ईशापूरला कंपनी सरकारच्या काळापासून बंदुकीची दारू बनत होती. त्याच जागेवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायफलींचा कारखाना उभा राहिला. रायफलींच्या मस्केटी करण्याचं कामही तिथेच झालं, त्यामुळे एकाच बंदुकीवर दोन जन्म कोरलेले सापडतात. एक ती रायफल म्हणून घडली तेव्हाचा, दुसरा तिची मस्केट झाली तेव्हाचा. १९१७ सालच्या रायफलीवर ‘.४१०’ हा शिक्का नंतर मारलेला असू शकतो. एवढं एकच साल वाचून मस्केटचं वय ठरवणारे हमखास फसतात.

मूळ रायफलीची वंशावळ तशी सरळ आहे. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये १८३१ साली जन्मलेला, कॅनडात वाढलेला घड्याळजीचा मुलगा. बोल्टखाली बसणाऱ्या, काडतुसं एकावर एक रचलेल्या पेटीचं पेटंट त्याने १८७९ मध्ये अमेरिकेत घेतलं. १८८८ मध्ये ब्रिटिश लष्कराने लीची यंत्रणा आणि मेटफर्डचे उथळ आटे यांची जोडी स्वीकारली. कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूच्या उष्णतेपुढे ते आटे टिकेनात, म्हणून १८९५ मध्ये एनफिल्ड कारखान्याचे पाच खोल आटे आले आणि ‘ली-एनफिल्ड’ हे नाव रूढ झालं. नळी आखूड केलेला, दहा काडतुसांचा मार्क तीन नमुना १९०७ चा. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणींनी मेसोपोटेमियात वाहिला तो हाच.

युद्ध संपल्यावर ईशापूरला यातल्या बऱ्याच रायफलींचं रूपांतर पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी झालं. नळी ०.४१० इंचापर्यंत पोखरली, आटे गेले. दहा काडतुसांच्या पेटीची जागा लाकडी ठोकळ्याने बुजवली, म्हणजे एका वेळी एकच बार. काडतूसही नवं नव्हतं. थ्री नॉट थ्रीचंच पितळी कवच, पण गळा न आवळता सरळ ठेवलेलं. बुडाची कड तीच राहिल्यामुळे बोल्टला हात लावावा लागला नाही. कारागिरी म्हणून हे काम हुशारीचं होतं, यात शंका नाही.

पण एवढी खटपट कशासाठी? घासलेल्या नळ्या मार्गी लागल्या, जमावावर चालवायला कमी पल्ल्याचं हत्यार मिळालं, हे खरंच. माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. चारशे दहाचं काडतूस लष्करी रायफलीत जात नाही, आणि लष्करी गोळी या सैल नळीतून खडखडत बाहेर पडते, नेम लागत नाही. म्हणजे ठाणं लुटलं गेलं किंवा शिपाईच फिरला, तरी हाती येणार ते दुबळं हत्यार.

ही युक्ती ईशापूरने शोधलेली नाही. तिचा धागा १८५७ पर्यंत जातो. ज्या बंदुकीच्या चरबीच्या काडतुसांवरून उठाव पेटला ती एनफिल्ड १८५३ च्या नमुन्याची, ०.५७७ इंचाची, तीन आट्यांची रायफल होती. उठाव मोडल्यावर हिंदी शिपायांसाठी १८५८ चा नमुना निघाला : तीच एनफिल्ड, आतून घासून गुळगुळीत केलेली. लांब पल्ल्याचा नेम साधणारी मागची माशीही काढून टाकली. ती दिसायची गोऱ्या सैनिकाच्या बंदुकीसारखीच, पल्ला मात्र तिच्याहून कितीतरी कमी. पुढेही क्रम तोच. गोऱ्यांना मार्टिनी रायफल मिळाली तेव्हा हिंदी पलटणींना त्यांच्या जुन्या स्नायडर रायफली. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा यांना मार्टिनी. महायुद्धात लढण्यासाठी बरोबरीची रायफल द्यावी लागली, पण पोलिसांच्या बाबतीत १८५८ ची रीत परत आली. म्हणून मी मस्केटची खरी पूर्वज लीची रायफल मानत नाही, १८५८ ची ती घासलेली नळी मानतो.

मुकुट गेला तरी ही बंदूक गेली नाही. स्वातंत्र्यानंतरही ती पोलिसांकडे राहिली. परक्या सरकारने आपल्याच शिपायावरच्या अविश्वासातून घडवलेलं हत्यार स्वतःच्या सरकारने इतकं जपावं, हे मला आजही पटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत सीएसटी रेल्वे स्थानकावर दहशतवाद्यांच्या एके-४७ समोर पोलिसांकडे होत्या त्या थ्री नॉट थ्री. त्यांना निदान आटे तरी होते.

यातल्या पुष्कळ मस्केटी मोडीत विकल्या जाऊन अमेरिकेतल्या हौशी संग्राहकांकडे पोचल्या. तिथे बाजारातलं चारशे दहाचं छऱ्यांचं काडतूस त्यांच्या नळीतल्या काडतुसाच्या घरात बसत नाही म्हणून कित्येकांनी ते घर पुन्हा पोखरून घेतलं. एका बंदुकीवरचा हा तिसरा फेरफार.

आपल्याकडच्या संग्रहालयांत आणि पोलीस मुख्यालयांच्या दर्शनी कपाटांत अशा बंदुका ‘.३०३ रायफल’ या पाटीखाली उभ्या असू शकतात. ज्यांच्या ताब्यात त्या आहेत त्यांनी एकदा नळी तपासावी, मुठीखालचे सगळे शिक्के उतरवून घ्यावेत आणि पाटीवर दोन्ही सालं लिहावीत. भंगारात काढायच्या यादीतल्या बंदुकांचं तर हे आधी करावं.