कोसंबींची क्रमनिर्णयपद्धति आणि तेरचीं नाणीं

विद्वानाच्या लेखांचा इतरांनीं किती वेळां उल्लेख केला, यावरून त्याच्या कार्याचें मोल ठरविण्याचा प्रघात सांप्रत सर्वत्र रूढ आहे. या मापाची परीक्षा करण्यास कै. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्यासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. गोमंतकांत जन्मलेल्या या गणितज्ञानें संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा व प्राचीन इतिहास इतक्या विषयांत लेखन केलें.

१९४४ सालचा त्यांचा एक निबंध अवघा चार पृष्ठांचा आहे. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुकें पुढील पिढींत किती प्रमाणांत विलग होतात, यावरून त्यांमधील अंतर काढण्याचें सूत्र त्यांत दिलें आहे. जनुकांचे नकाशे करणारे संशोधक तें आजहि कोसंबींच्याच नांवानें वापरतात. उलट १९४३ सालच्या निबंधांत त्यांनीं मांडलेली संख्याशास्त्रीय पद्धति पुढें कार्हुनेन व लोएव्ह यांच्या नांवांनीं प्रसिद्ध झाली. उल्लेखांची गणना किती बेभरंवशाची, हें एवढ्यावरून ध्यानांत येईल.

गणनेचा याहून मोठा दोष असा कीं, ती एकाच बुद्धीचें कार्य निरनिराळ्या खात्यांत वांटून टाकते. तक्षशिलेच्या रौप्य आहत नाण्यांवरील त्यांचें विवेचन पाहावें. नाणें हातोहात फिरतां झिजतें. म्हणून एकाच निधींतील जो गट अधिक काळ चलनांत होता, त्याचें सरासरी वजन कमी व वजनांतील तफावत अधिक असते. चिन्हांवरून गट पाडून व एकेक नाणें तोलून त्यांनीं गटांचा कालक्रम लाविला. १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करितांना शेंकडों हस्तलिखितांचे असेच गट पाडून त्यांनीं मूळ संग्रहाचा शोध घेतला. जनुकें असोत, नाणीं असोत वा पोथ्या असोत, एकट्या वस्तूंतून न कळणारा क्रम समूहाच्या तुलनेंतून काढावयाचा, हें सूत्र सर्वत्र एकच आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील संग्राहकांस यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. तेर म्हणजे पेरिप्लसमध्यें पैठणाबरोबर उल्लेखिलेलें तगर. तेथें सातवाहनांचीं नाणीं मिळालीं आहेत. शिशाच्या व पोटीनच्या नाण्यांस ही पद्धति जशीच्या तशी लागणार नाहीं, कारण टांकसाळींतून निघतांनाच त्यांचीं वजनें सारखीं नसत. तथापि कोठलीहि पद्धति लावावयाची तर निधि अखंड हवा. उत्तम नाणीं वेंचून घ्यावीं, झिजलेलीं मोडींत घालावीं व उरलेलीं आम्लानें उजळावीं, असें झालें कीं पुरावा नष्ट झाला. कारण झीज हीच येथें साक्ष आहे, आणि आम्ल तीच पुसून टाकतें. पोथ्यांचेंहि तसेंच. अशुद्ध प्रति म्हणून जी टाकून दिली जाते, तिच्या चुकांवरूनच ती कोणत्या शाखेची हें ठरतें.

म्हणून प्रत्येक नाण्याचें वजन, सांपडल्याचें ठिकाण व सोबतच्या वस्तु यांची नोंद संग्रह विभागला जाण्यापूर्वींच करून ठेवावी. कोसंबींच्या लेखांचे उल्लेख किती झाले, हें मोजणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या रीतीनें तराजू हातीं घेणारे मात्र थोडे. निधि एकदां फुटला कीं मग तराजू असूनहि तोलावयास कांहीं उरत नाहीं.