सही करण्याआधी



मागच्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. तिचे वडील जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. म्हणाली, "मावशी, दादानं हक्कसोडपत्र तयार करून आणलंय. आईची आणि माझी सही हवी म्हणतोय. आई म्हणते, करून टाक, आम्हीही केली होती."

आम्हीही केली होती, हे खरं आहे. 1996 साली आमचे वडील गेले, तेव्हा आम्ही दोघी बहिणी भावासोबत रिक्षाने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलो आणि तिथल्या बाकावर बसून सह्या केल्या. कागद चार पानांचा होता. मी बी.कॉम. झालेली, लग्नाआधी वडिलांच्या दुकानाची कीर्द-खतावणी लिहिलेली, पण त्या चार पानांतली एक ओळ वाचली नाही. भाऊ वाईट नव्हता, आजही नाही. वाचून दाखवावं असं त्याला सुचलं नाही आणि वाचायला मागावं असं मला सुचलं नाही. मागितलं असतं तर भावावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं, असं मला वाटलं असावं.

भाचीला लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवस मनात आपलाच इतिहास घोळत राहिला.

आपल्याकडे मुलीच्या हाती हिशेब द्यायची गोष्ट फार जुनी आहे. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी लिहिलेल्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या मुलींना जवळ बसवून लिपी आणि अंकविद्या शिकवतात. भरत-बाहुबलींच्या शिक्षणाचं वर्णन त्यानंतर येतं. पाठशाळेत आपण ही कथा ऐकतो, पाळण्यात मुलीचं नाव ब्राह्मी ठेवतो. पण घराचा सातबारा आणि बँकेचं पासबुक कुठल्या कपाटात आहे, हे त्याच ब्राह्मीला ठाऊक नसतं.

मधल्या काळात विधवेचं जिणं किती कठीण होतं, ते आपल्या आज्या-पणज्यांकडून ऐकलंच आहे. तरी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. इंग्रजी अमदानीतल्या हिंदू कायद्याप्रमाणे विधवेला पतीच्या मालमत्तेवर फक्त हयातीपुरता, मर्यादित हक्क असे. उत्तरेकडच्या सरावगी अगरवाल जैनांमधल्या दाखो नावाच्या विधवेचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1878 साली निकाल लागला. त्या समाजाच्या रूढीप्रमाणे पुत्रहीन विधवेला पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर पूर्ण मालकी मिळते आणि पतीची परवानगी नसतानाही ती दत्तक घेऊ शकते, हे न्यायालयाने मान्य केलं. मालकी मिळाली ती पुत्र नसलेल्या विधवेला. मुलीचा प्रश्न तसाच राहिला.

मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी आपल्याला मुलांच्या जैन बोर्डिंगांमुळे माहीत आहेत. त्यांची मुलगी मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. रिवाजाप्रमाणे तिला कोपऱ्यात बसवणं सोपं होतं. शेठजींनी तिला शिकवलं. पुढे तिने मुंबईत श्राविकाश्रम चालवला आणि अनेक विधवांना अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि पोटापुरतं कौशल्य दिलं. तिच्या कामात सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींची मुलगी कंकूबाई होती, ललिताबाई होत्या. सोलापुरात हेच काम नंतर पंडिता सुमतीबाई शहांनी वाढवलं. या कामाची सुरुवात एका घरातून झाली, जिथे बापाने विधवा लेकीसमोर पुस्तक ठेवलं. असा निर्णय घ्यायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

कायदाही आला. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. वडिलांची स्वकष्टाची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगा, मुलगी यांचे वाटे सारखे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने 1994 साली मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली मुलगीही मुलाच्या बरोबरीने आली. 2005 मध्ये वडील हयात नव्हते म्हणून तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं.

म्हणजे 1996 साली आमच्या वडिलांच्या स्वकष्टाच्या दुकानात आणि घरात आईचा, भावाचा आणि आम्हा दोघींचा मिळून चार सारखे हिस्से होते. हे गणित मला तोंडपाठ यायला हवं होतं. मी ते त्या दिवशी मांडलंच नाही.

काही जणी म्हणतील, आपला धर्म त्याग शिकवतो, भावाशी हिस्सा काय मागायचा? मी परिग्रह-परिमाण व्रत घेतलं आहे. ते घेताना आपल्याकडे काय काय आहे ते आधी मोजावं लागतं, मग मर्यादा ठरते. जे मोजलंच नाही, त्याचा त्याग कसा होणार? मी 1996 साली त्याग केला नाही. मी फक्त सही केली. आणि न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान, हे आपण मुलांना शिकवतो. बहिणीला न समजावता घेतलेली सही त्याच्या किती जवळ जाते, याचा विचार आपल्या मुलांनीही करावा.

भाचीला मी तिसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, "दादाकडून आठ दिवस मागून घे. कागद आईला मोठ्याने वाचून दाखव. मिळकत काय, तिची किंमत किती, तुम्हा तिघांचे हिस्से किती, ते एका कागदावर लिही. मग द्यायचं असेल तर आनंदाने दे, ठेवायचं असेल तर संकोच न करता ठेव. आईचाही हिस्सा आहे हे विसरू नकोस, तिला अजून खूप वर्षं काढायची आहेत."

दादाला आधी राग आला. मग तोच कागद घेऊन बसला. माझ्या बहिणीने सत्तरीला टेकल्यावर पहिल्यांदा नवऱ्याच्या मिळकतीची यादी पाहिली. तिने आपला हिस्सा ठेवायचं ठरवलंय. भाचीचं अजून ठरलेलं नाही.

आमच्या घरी यंदा दिवाळीत, वीर निर्वाणाच्या दिवशी वहीपूजनाला पाटावर मुलगा आणि सून दोघं बसणार आहेत. नव्या वहीत पहिलं 'श्री' सून लिहील. पूजा झाल्यावर कपाटातले कागद मी तिघांपुढे ठेवणार आहे, मुलगा, सून आणि सासरहून येणारी मुलगी. दुपारी लाडू खाऊन झाले की एकेक वाचून दाखवीन.