मोहीम-रचना (अद्भुतरम्य भूमिकाखेळ)

मोहीम-रचना : टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळात, म्हणजे रोल-प्लेइंग गेममध्ये, एकच जग आणि तीच पात्रे घेऊन अनेक बैठका चाललेल्या खेळाला मोहीम म्हणतात. ती उभी करण्याचे काम खेळ चालवणाऱ्याकडे असते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या सर्वांत प्रसिद्ध खेळात त्याला डंजन मास्टर किंवा नुसते डीएम म्हणतात. इतर खेळांत गेम मास्टर. बाकीचे भिडू प्रत्येकी एक पात्र चालवतात आणि उरलेले सगळे जग डीएमच्या वाट्याला येते : सराईचा मालक, लांडगे, पाऊस, देव. भिडू म्हणते, ‘मी दार हळूच ढकलते.’ एवढ्यासाठी फासा टाकायला लावायचा का, हे डीएम ठरवतो. लावायचा असेल तर वीस बाजूंचा फासा पडतो, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवतात, आणि डीएमने ठरवलेला आकडा गाठला की काम झाले. पाचव्या आवृत्तीत (2014) सोप्या कामाला 10, मध्यमाला 15 आणि अवघडाला 20 असे आकडे आहेत. नियमांचे काम इथे संपते. दारापलीकडे काय आहे हे डीएमच्या वहीत असते आणि ती वही भरणे म्हणजे मोहीम-रचना.

‘कँपेन’ हा शब्द या खेळात युद्धखेळांतून आला. शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारे लोक एका लढाईचा निकाल पुढच्या लढाईला लागू करत, तेव्हा त्या मालिकेला कँपेन म्हणत. मराठीतला ‘मोहीम’ हा शब्द इथे चपखल बसतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेल्या फौजेने एका मुक्कामात जे खर्ची घातले ते पुढच्या मुक्कामाला तिच्याजवळ नसते, आणि वाटेत ज्याला दुखावले तो परतीच्या वाटेवर भेटतोच. मागचे पुढे लागू होणे हे मोहिमेचे मर्म आहे. प्रत्येक बैठकीत पाटी कोरी होत असेल, तर चांगली करमणूक होईल, पण तिला मोहीम म्हणता येणार नाही.

इतिहास : 1969 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह वेझली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा युद्धखेळ मांडला. नेपोलियनच्या काळातील एक काल्पनिक जर्मन गाव घेऊन त्यांनी भिडूंना पलटणींबरोबरच नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचे कुलपती अशा एकेका माणसाची भूमिका दिली. लढाई सुरू व्हायच्या आधीच भिडू न ठरलेल्या गोष्टी करू लागले, एकमेकांशी खलबते करू लागले आणि खेळ हाताबाहेर गेला. वेझलींना तो फसला असे वाटले. भिडूंनी मात्र पुन्हा खेळू या म्हणून धोशा लावला. त्या मंडळातील डेव्ह अर्नसन यांनी 1971 पासून ‘ब्लॅकमूर’ चालवला. त्यात किल्ला होता आणि त्याखाली तळघरांचे मजलेच्या मजले होते. 1972 च्या अखेरीस अर्नसन यांनी विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे गॅरी गायगॅक्स यांना तो खेळून दाखवला. गायगॅक्स यांनी लगेच ‘ग्रेहॉक’ किल्ला रचायला घेतला. त्यात उतरणारे पहिले भिडू त्यांची मुले अर्नी आणि एलिस ही होती. जानेवारी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन पुस्तिकांचा संच एका पेटीत बाहेर पडला. पहिली छपाई 1000 प्रतींची होती. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी मोहिमा चालल्या, नियम त्यांतून मागाहून लिहिले गेले.

तिसऱ्या पुस्तिकेत डीएमला (तेव्हा त्याला रेफरी म्हणत) सांगितले आहे की, खेळ सुरू करण्यापूर्वी भुयारांच्या मजल्यांचे निदान सहा नकाशे काढावेत, त्यांत राक्षस आणि खजिना वाटून ठेवावा. हे काम आलेख कागदावर होत असे. उघड्या मुलखासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट वापरावा, असेही सुचवले होते. घटनाक्रम लिहून ठेवा, असे मात्र सांगितलेले नव्हते. डीएमने स्थळे मांडायची आणि भिडूंनी वाट काढायची, अशी ती विभागणी होती. बक्षिसाची पद्धतही तिला धरून होती. त्या काळी अनुभवाचे बहुतेक गुण राक्षस मारून मिळत नसत. बाहेर आणलेल्या सोन्याच्या नाण्यामागे एक गुण मिळे. साहजिकच शहाणे भिडू लढाई टाळत, लाच देत, चोरवाटा शोधत. मोहिमेत बक्षीस कशाला द्यायचे हे ठरले की भिडू कसे वागतील हे निम्मे ठरते, आणि नवे डीएम नेमका याच निर्णयाकडे सर्वांत कमी लक्ष देतात.

एक नमुना : गायगॅक्स यांची ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही पुस्तिका काही वर्षे प्राथमिक संचाच्या पेटीतच मिळे. असंख्य डीएमनी रचनेचे पहिले धडे तिच्यात गिरवले. सरहद्दीवर एक गढी आहे आणि थोड्या अंतरावरच्या दरीत अ ते के या इंग्रजी अक्षरांनी दाखवलेल्या अकरा गुहा आहेत, एवढीच मांडणी. पण ती जवळून पाहावी. गॉब्लिनांच्या गुहेवर हल्ला झाला की पहारेकरी ‘ब्री-यार्क’ अशी आरोळी ठोकतात आणि चोरदारातून 250 सोन्याच्या नाण्यांची थैली शेजारच्या गुहेतल्या ऑगरकडे फेकतात. ऑगर हा धिप्पाड नरभक्षक पैसे घेऊन त्यांच्या मदतीला येतो. इकडे गढीत भिडूंच्या कानावर पडणाऱ्या 20 अफवांची यादी आहे, आणि ‘ब्री-यार्क’ म्हणजे गॉब्लिनांच्या भाषेत शरण आलो, ही त्यांतली एक. ती खोटी आहे. जो भिडू तिच्यावर विश्वास ठेवून तलवार खाली करतो, त्याच्या अंगावर ऑगर येतो. पुढच्या वेळी तोच भिडू ऑगरला 250 हून जास्त देऊ करील, किंवा थैली वाटेतच पळवील. गायगॅक्स यांनी एक आरोळी, एक थैली आणि एक खोटी अफवा मांडली. गोष्ट दर टेबलावर वेगळी घडते.

त्याच पुस्तिकेत टोळ्यांची आपसातली वैरे दिली आहेत, म्हणजे हुशार भिडू एकीला दुसरीशी झुंजवू शकतात. रिकामी केलेली गुहा एक ते चार आठवडे ओस राहते आणि मग जुने रहिवासी परततात किंवा नवे कुणी येते. गढीत हसतमुखाने वावरणारा एक पुरोहित खरे तर शत्रूकडचा आहे. पुस्तिकेत एक उणीव राहिली आहे : गढीतल्या माणसांना नावेच नाहीत. किल्लेदार, लोहार, सराईवाला असे नुसते हुद्दे दिले आहेत. तो काळच तसा होता. आजचे भिडू लोहारापुढे उभे राहताच पहिला प्रश्न विचारतात, ‘तुझं नाव काय?’ म्हणून वीसेक नावांची यादी कागदावर तयार ठेवणे ही डीएमची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तयारी आहे.

कथेकडे कल : 1983 मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचे ‘रेव्हनलॉफ्ट’ आले. स्ट्राड नावाचा रक्तपिपासू सरदार, त्याचा किल्ला आणि त्याचे जुने दुःख या गोष्टी त्यात ठरलेल्या होत्या. पण त्याचा हेतू काय आणि त्याला हरवण्याची साधने कुठे, हे भविष्य सांगणाऱ्या बाईच्या पत्त्यांवरून दर खेळी नव्याने ठरे. कथा आणि मोकळीक यांचा इतका सुरेख मेळ क्वचितच साधला गेला आहे. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत कादंबरीसारखी भव्य कथा आली, आणि ती तुटू नये म्हणून महत्त्वाची पात्रे मधेच कायमची मरणार नाहीत अशी सोयही आली. इथून रुळांचा प्रश्न उभा राहतो. भिडूंनी काहीही केले तरी गाडी ठरलेल्या स्थानकावरच जाणार असेल, तर भिडू हळूहळू निर्णय घेणे सोडतात आणि श्रोते होऊन बसतात. ही मोहिमेची सर्वांत दुःखद अखेर होय, कारण ती भांडणाशिवाय होते; एकेक जण यायचा थांबतो.

याच्या उलट टोकाला बेन रॉबिन्स यांची ‘वेस्ट मार्चेस’ ही मोहीम आहे. तिच्यात ठरलेली वेळ नाही, ठरलेली टोळी नाही; भिडूंनीच जमायचे आणि रानात कुठे जायचे हेही त्यांनीच ठरवायचे. 2015 पासून ‘क्रिटिकल रोल’ या प्रक्षेपणातून मॅथ्यू मर्सर यांची मोहीम जगभर पाहिली जाऊ लागली. तिने हजारोंना टेबलाशी आणले, पण आधी अख्खे खंड, राजवंश आणि भाषा रचल्याशिवाय मोहीम होत नाही, असा समजही नवख्यांत पसरला. तो चुकीचा आहे. एक गाव, एक भुयार आणि दोन-तीन माणसांच्या गरजा एवढ्यावर पहिल्या चार बैठका सहज निघतात.

आजची पद्धत : पहिल्या खेळाआधी ‘शून्यावी बैठक’ घेतात. तीत जग कसे आहे, खेळ हलका की भयाण, कोणते विषय टेबलावर नकोत, पात्रे एकमेकांना कशी ओळखतात हे ठरते. ही बैठक टाळू नये. एकीने विनोदी बुटका आणि दुसऱ्याने सूडाने पेटलेला योद्धा बनवून आणला असेल, तर ते पुढे जुळवत बसण्यापेक्षा इथेच बोललेले बरे. पाचव्या आवृत्तीत पात्रे 1 ते 20 पातळ्या चढतात आणि त्यांचे चार टप्पे मानले आहेत : 1–4, 5–10, 11–16, 17–20. पहिल्या टप्प्यात संकट गावापुरते, शेवटच्यात विश्वावरचे. ज्याने पहिल्याच दिवशी जग बुडवायला काढले, त्याच्याकडे वाढवायला काही उरत नाही.

रहस्याची मांडणी हा वेगळा अवघड भाग. जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन दुव्यांचा नियम डीएमांत सर्वमान्य झाला आहे : भिडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्याकडे नेणारे निदान तीन दुवे ठेवा, कारण एक ते पाहणार नाहीत, दुसरा चुकीचा समजतील आणि तिसरा लागू पडेल. समजा, नदीकाठच्या गावातला नावाडी नाहीसा झाला आहे आणि उत्तर पैलतीरावरच्या पडक्या मठात आहे, जिथे कुणीतरी बुडालेल्यांना उठवत आहे. नावेचा दोर झिजून तुटलेला नाही, पात्याने कापलेला आहे आणि कापल्या जागी मठातल्या धुनीची राख आहे. नावाड्याच्या बायकोने त्या रात्री पलीकडे दिवा पाहिला. घाटावरच्या चिखलात ओली पावले आहेत, ती पाण्यातून वर येतात आणि मठाच्या वाटेला लागतात. भिडू यांतले काहीही आधी धरतील. वाट बंद होत नाही.

याच उदाहरणात घड्याळ लावता येते. हे साधन जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मुळे (2017) रूढ झाले. कागदावर वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करायचे आणि संकट एक पाऊल पुढे गेले की एक भाग भरायचा. पहिल्याला दुसरी नाव परत येत नाही, दुसऱ्याला रात्री घाटावर माणसे उभी दिसतात, चौथ्याला विहिरीचे पाणी नदीसारखे गढूळ होते, सहाव्याला बुडालेले गावात शिरतात. भिडूंनी काहीच केले नाही तर काय होईल, हे डीएमने एवढे ठरवावे. भिडू काय करतील, हे ठरवू नये. घड्याळ पुढे सरकवायचे तर दिवस मोजावे लागतात. गायगॅक्स यांनी 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये काळाची काटेकोर नोंद ठेवण्याचा आग्रह सबंध वाक्य मोठ्या अक्षरांत छापून धरला होता. त्यांची भाषा कडक वाटली तरी मुद्दा खरा आहे : जखम भरायला किती दिवस लागतात हे माहीत असेल, तरच विश्रांती घेणे हा निर्णय ठरतो.

मोहिमेची वही म्हणून पातळ चालते. साधारण तीन-चार तासांच्या बैठकीनंतर डीएम त्या दिवशी मेलेली, दुखावलेली आणि उपकृत झालेली माणसे नोंदवतो, घड्याळाचे भाग भरतो. भिडू उठण्यापूर्वी मात्र त्याने एक प्रश्न विचारून घ्यायचा असतो : पुढच्या वेळी कुठे जाणार? ‘नदी ओलांडणार’ असे उत्तर आले, तर आठवडाभरात मठाचा नकाशा काढायचा. गावच्या पलीकडचा डोंगर अजून कोरा राहू द्यायचा.