पारण्याच्या दिवशी परत आलेलं पाकीट



या अक्षय तृतीयेला सासूबाईंच्या वर्षीतपाचं पारणं येडगावच्या जुन्या घरी झालं. वय ७२, तेरा महिन्यांची तपश्चर्या, आणि पारणं गावातच करायचं हा त्यांचा हट्ट. आमच्याकडे कुकडीवरच्या धरणामुळे ऊस भरपूर, त्यामुळे इक्षुरसाला काही तोटा नव्हता. अडीचशे माणसं जेवली. सगळं यथासांग पार पडलं. तरीही त्या दिवसातली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसले.

दुपारी पंगती उठल्यावर मी वाढप्यांसाठी आणि भांडी घासणाऱ्या सहा बायकांसाठी शंभर-शंभरची पाकिटं काढली. त्यावरून घरातच दोन तट पडले. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "केटरिंगवाल्याला पैसे दिलेत ना? मग हे वर कशाला? सवय लागते." मामंजी म्हणाले, "पारण्याच्या दिवशी कुणी रिकाम्या हातानं जाऊ नये." न्यू जर्सीहून आलेली भाची म्हणाली, "आमच्याकडे पंधरा-वीस टक्के दिले नाहीत तर वाढणारी मुलगी तोंड फिरवते." मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पाकिटं घेऊन मागच्या अंगणात गेले.

पाच जणींनी घेतली. सहावी, साधारण माझ्याच वयाची, हात पुसत म्हणाली, "ताई, पाकीट राहू द्या. त्यांना तेवढी आमची मजुरी पुरती द्यायला सांगा. सहाशे ठरली होती, आता साडेचारशे म्हणतात. म्हणे, मालकांनी भाव पाडला."

मालक म्हणजे आम्हीच! ताटामागे ३८० चा भाव ३४० वर आणल्याचं कौतुक मी स्वतः चार जणींना फोनवरून सांगितलं होतं. दहा हजार वाचवले होते. ते दहा हजार केटरिंगवाल्यानं स्वतःच्या नफ्यातून सोडले असतील असं मी धरून चालले होते. इथे सहा बायकांचे दीडशे-दीडशे, म्हणजे नऊशे रुपये कापले गेले होते, आणि मी त्यांना सहाशे रुपये 'खुशीनं' वाटत होते.

तेव्हापासून मी या 'खुशी'चा इतिहास शोधते आहे. आपल्या जुन्नर भागातच तो इतका सापडला की तुम्हालाही सांगावासा वाटतो.

आपल्या आजेसासवांच्या काळी गावात टिप नव्हती, मजुरीही फारशी नव्हती. होतं ते बलुतं. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी वगैरे बारा बलुतेदार वर्षभर गावाचं काम करायचे आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा, पेंढ्यांचा वाटा न्यायचे. कुणाचा वाटा मोठा, कुणाचा लहान, हे थोरली, मधली आणि धाकटी ओळ अशा उतरंडीनं ठरलेलं असे. सणाला फराळ किंवा पोळी, लग्नाकार्याला खण-नारळ, दिवाळीला पोस्त, हे त्याच्यावर.

आपण या व्यवस्थेकडे फार मायेनं बघतो. 'तेव्हा माणसं माणसांना धरून होती' असं म्हणतो. पण त्या काळीही यावर एकमत नव्हतं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ सालचं. त्यांचं म्हणणं शेतकऱ्याच्या बाजूनं होतं. बलुतं वंशपरंपरेनं मिळतं, मग काम चांगलं होवो वा न होवो, खळ्यावर मागणाऱ्यांची रांग लागते आणि कुणब्याच्या हाती थोडंच उरतं. म्हणजे आमच्या जाऊबाईंचा 'सवय लागते' हा मुद्दा शंभर वर्षांहून जुना आहे.

दुसरी बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं. महार वतनदारांना सरकारचं काम दिवसरात्र करावं लागे, आणि त्याचा मोबदला काय, तर थोडी इनाम जमीन आणि गावकरी देतील ते बलुतं. गावकऱ्यांची मर्जी फिरली की बलुतं बंद. बाबासाहेबांचं म्हणणं असं, की बलुत्याऐवजी पैशाच्या रूपात ठरावीक रक्कम सरकारनं वसूल करावी आणि काम करणाऱ्याला द्यावी, त्याला दारोदार जायला लावू नये. ते बिल तेव्हा मंजूर झालं नाही. ही वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.

मैत्रिणींनो, इथे मी थोडी थांबले. मर्जीनं दिलेलं मर्जीनं बंदही करता येतं. देणाऱ्याला हा फरक कळत नाही, घेणाऱ्याला रोज कळतो.

याच्या अगदी उलट प्रकरण आपल्या ओतूरचं. येडगावाहून ओतूर काही लांब नाही. १८८० च्या दशकात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांच्या लोकांनी तिथे ब्राह्मणाशिवाय लग्नं लावली. गावच्या जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात धाव घेतली. विधी केलाच नाही, तरी दक्षिणा मात्र हक्काची, असा तो दावा. हा वाद पुढे मुंबई इलाखाभर चालत राहिला, आणि १९२६ साली सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नानं कायदा झाला, की ज्याच्याकडून विधी करून घेतला नाही त्याला दक्षिणा द्यायचं बंधन नाही. एकाच गावगाड्यात एक जण न केलेल्या कामाचे पैसे कोर्टातून मागू शकत होता आणि दुसऱ्याला केलेल्या कामाचं धान्य हात पसरून मागावं लागत होतं. म्हणजे हक्क कशाला म्हणायचं आणि बक्षिसी कशाला, हे कामावर कमी आणि कोण कुठल्या पायरीवर उभा आहे यावरच जास्त ठरत होतं.

येडगावशेजारचं नारायणगाव तमाशाची पंढरी. तिथे देण्याची आणखी एक तऱ्हा होती, दौलतजादा. फडात बसलेला माणूस नोटा काढायचा, आणि त्या कुणी दिल्या हे नाव-गावासकट सगळ्यांसमोर पुकारलं जायचं. आपल्या घरांतून तमाशाचं नाव काढलं जात नाही, पण विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान झालेली कलावंतीण. २००२ साली त्या गेल्या, आणि अखेरच्या दिवसांत पैशांची फार ओढाताण होती. इतक्या लोकांनी इतकी वर्षं ज्यांच्यावर पैसे उधळले, त्यांच्या म्हातारपणाला त्यातलं काही उरलं नाही. उधळलेला पैसा देणाऱ्याचं नाव करतो, घेणाऱ्याच्या आजारपणाला पुरत नाही.

शहरात बलुत्याची जागा पगारानं घेतली, पण दिवाळीची पोस्त राहिली. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळापासून बोनस मिळू लागला होता. १९२३ चा बोनस मालकांनी दिला नाही, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिओड यांच्या समितीनं सांगितलं, की बोनसवर कामगारांचा कायद्यानं हक्क नाही. मालकाची खुशी! पण तीच खुशी १९६५ च्या बोनस कायद्यानं हक्क झाली. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एक महिन्याचा पगार. आपल्यातल्या कित्येक जणी कामवाल्या मावशींना दिवाळीला एक पगार जास्त देतात, तो हाच हिशोब.

मावशींच्या बाबतीत तर आपल्या पुण्याचंच उदाहरण आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ हवी, हक्काची रजा हवी, अशा साध्या मागण्या. त्यातूनच त्यांची संघटना उभी राहिली. माझ्या सासूबाईंना तो संप आठवतो. "आम्ही चिडलो होतो," त्या सांगतात. "आम्हाला वाटे, जुनी लुगडी देतो, उरलेलं अन्न देतो, पोरांना वह्या देतो, आणखी काय हवं? आणि त्या म्हणत होत्या, ते सगळं ठेवा, महिन्यातून दोन दिवस सुट्टी द्या." २००८ साली महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी सुट्टीवरून किती घरांत अजून कुरबुर चालते, ते आपण जाणतोच.

भाचीच्या अमेरिकेचंही सांगते. तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचं केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, आणि ते १९९१ पासून बदललेलं नाही. बाकीचं टिपमधून भरून निघेल असं धरलेलं. काही राज्यांत ते जास्त आहे, पण मूळ कल्पना तीच: पगाराचा बोजा गिऱ्हाईकाच्या मर्जीवर. मुलगी तोंड फिरवते ती उगीच नाही. आपल्याकडे हॉटेलं बिलात सेवाशुल्क परस्पर लावायची. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ते सक्तीनं लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मनाई कायम ठेवली. म्हणजे आता द्यायचं की नाही हे पुन्हा आपल्या मनावर आलं.

मग मनानं काय ठरवावं? मी आपल्याच शिकवणुकीकडे वळले. व्याख्यानात आपण दानाचे पाच प्रकार ऐकतो: अभयदान, सुपात्रदान, अनुकंपादान, उचितदान आणि कीर्तिदान. मला वाटतं, दिवाळीची पोस्त हे उचितदान, म्हणजे प्रसंगाला शोभेल असं देणं. अडल्यानडल्याला देतो ती अनुकंपा. सगळ्यांसमोर नोट काढतो ते कीर्तिदान, मग ते फडात असो की हॉटेलात. पण या पाचांत कुठेही मजुरी नाही. कारण मजुरी हे दान नाहीच. ते दुसऱ्याचं आहे, आपल्याकडे फक्त ठेवलेलं आहे.

मजुरीचा विषय येतो तो व्रतांच्या अतिचारांत. प्रतिक्रमण करताना पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण आठवतो. त्यात अतिभार आहे, म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं लादणं. आणि अन्नपाननिरोध आहे, म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेल्याचं अन्नपाणी तोडणं. लहानपणापासून मला वाटायचं, हे बैलांबद्दल आहे. आमच्याकडे बैल नाही, मग आमचा काय संबंध? त्या दिवशी मागच्या अंगणात मला संबंध कळला. पहाटे पाचपासून राबणाऱ्या बाईच्या मजुरीतले दीडशे रुपये माझ्या घासाघिशीनं तोडले होते, आणि तेही पारण्याच्या दिवशी.

आणि पारण्याची कथा तरी काय सांगते? ऋषभदेव भगवंत वर्षाहून अधिक काळ निराहार फिरले. लोक वाईट नव्हते. ते प्रेमानं हत्ती-घोडे, रत्नं, वस्त्रं पुढे करत होते. फक्त त्यांना काय हवं आहे हे कुणाला कळलं नाही. श्रेयांसकुमारांना ते कळलं आणि त्यांनी उसाचा रस दिला. दरवर्षी ही कथा ऐकतो आपण. मी ती ऐकून उठले आणि मजुरी हवी असलेल्या बाईपुढे पाकीट धरलं.

आम्ही त्या संध्याकाळी काय केलं ते सांगते, मोठेपणासाठी नाही. आमच्या यांनी केटरिंगवाल्याला बाजूला घेतलं. कापलेले नऊशे आम्ही देतो म्हटलं, पण सहाशेप्रमाणे मजुरी आमच्यासमोर हातात द्यायची. तो आधी कुरकुरला, मग त्यानं दिली. जाऊबाई म्हणाल्या, "उद्या तो पुन्हा कापेल, तुम्ही काय रोज बघायला जाणार?" त्यांचं खोटं नाही. माझ्याकडे याला उत्तर नाही. पण पुढच्या कार्यात भाव ठरवताना मी एक प्रश्न आधी विचारणार आहे: "बायकांना किती देता?" भाव पाडायचाच असेल तर एक मिठाई कमी करीन.

पाकिटं बंद करावीत असं माझं म्हणणं नाही. मजुरी पुरी दिल्यावर खुशीनं जरूर द्यावं. मजुरीच्या आधी नको, आणि मजुरीच्या बदल्यात तर मुळीच नको.

त्या ताईंनी शेवटी पाकीट घेतलं. सहाशे मोजून कनवटीला लावल्यावर स्वतःच म्हणाल्या, "आता द्या, आता घेते." सासूबाई ओट्यावर बसून हे बघत होत्या. तेरा महिन्यांच्या तपानंतर त्यांनी सकाळी उसाचा रस घेतला होता. मला म्हणाल्या, "माझं पारणं आत्ता झालं बघ."

माझ्याकडून जे घडलं त्याबद्दल मिच्छामि दुक्कडं.