दार राखलं, झरे घालवले

आम्ही नाशिककर गोदावरीला घरात गोदावरी म्हणत नाही. बुधवारच्या बाजाराला निघालेला माणूससुद्धा ‘गंगेवर जाऊन येतो’ असंच सांगून निघतो. लहानपणी मी आजीबरोबर गंगेवर जायचो. रामकुंडाची गर्दी तिला नको असे. बाजूला लक्ष्मणकुंडाच्या पायरीवर मला बसवायची आणि म्हणायची, “पाय खाली सोड, बोटांना गार लागेल.” चैत्रातलं वरचं पाणी कोमट झालेलं असे, पण तळाशी खरोखरच एक गार धार बोटांना चाटून जायची. झरा म्हणजे काय हे मला शाळेत जायच्या आधी पायाच्या बोटांनी शिकवलं.

मी जुन्या वळणाचा माणूस आहे. एकादशी पाळतो, ‘परंपरा’ हा शब्द ऐकून नाक मुरडणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना संकोच वाटतो. माझी तक्रार आमच्याच लोकांविषयी आहे.

गंगेवरची कुंडं एका माणसानं किंवा एका सरकारनं बांधली नाहीत. 1883 साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरनुसार रामकुंड 1696 मध्ये चित्रराव खटावकरांनी बांधलं. पुढे गोपिकाबाईंनी, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या आईनं, ते दुरुस्त केलं. त्याच्या अवतीभवती लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड अशी ओळच लागलेली. उन्हाळ्यात नदी आटली तरी दगडी कुंडांत पाणी राही. पावसाळ्यात पूर सगळ्यांवरून जाई आणि साचलेला गाळ घेऊन जाई. पूर मोजायला नदीपात्रातला दुतोंड्या मारुती होताच. त्याच्या कमरेला पाणी लागलं की सराफ बाजारातली दुकानं माल वर चढवायला लागत. 1969 चा महापूर पाहिलेली माणसं आजही पावसाचा अंदाज मारुतीच्या अंगावरच सांगतात. पिढ्यान् पिढ्या कुणीतरी पदरचं घालून, कुणीतरी खपून जे उभं राहिलं, त्याला मी परंपरा म्हणतो.

पण परंपरेच्या नावावर आम्ही राखलं काय?

2 मार्च 1930. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नाशिकची बाजू दादासाहेब गायकवाड सांभाळत होते. हजारोंची मिरवणूक मंदिरापाशी आली तर सगळी दारं बंद. मिरवणूक तशीच गंगेच्या घाटावर वळली आणि तिथे सभा झाली. महिनाभरानं रामाच्या रथाच्या दिवशी, 9 एप्रिलला, दगडफेक झाली. माझे आजोबा तेव्हा पंचवटीत होते, आणि ते दाराच्या आतल्या बाजूला होते. हे घरात कुणी अभिमानानं सांगत नसे, पण लपवतही नसत. ती दारं सत्याग्रहींसाठी पाच वर्षं उघडली नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 ला, इथून जवळच येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ज्या रामाच्या रथाला हात लावायला ही माणसं आली होती, त्या रामाचं आम्ही कोणतं रक्षण केलं, याचं उत्तर आजोबांनाही शेवटपर्यंत देता आलं नाही.

आता दुसरं चित्र. 2003 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत गंगेवरच्या कुंडांच्या तळाला काँक्रीट आलं. कारणं समजण्यासारखी होती. लाखोंची गर्दी, चिखल, घसरणं. गर्दी काय करू शकते हे त्याच वर्षी 27 ऑगस्टला कळलं, चेंगराचेंगरीत तीसहून जास्त भाविक गेले. सुरक्षेला मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण तळ बुजवताना झऱ्यांचं काय, हे विचारायला ना कुणी दार अडवून उभं राहिलं, ना कुणी उपोषणाला बसलं. आजोबांच्या पिढीनं एका कडीसाठी पाच वर्षं पहारा दिला. आमच्या पिढीनं झऱ्यांसाठी पाच मिनिटं दिली नाहीत. पुढे काही गोदाप्रेमी कोर्टकचेऱ्या करत राहिले, काही ठिकाणचं काँक्रीट फोडलंही गेलं, पण त्यांच्या मागे उभे राहिलेल्यांत माझ्यासारखे सोवळ्यातले फार थोडे होते.

आता 2027 चा सिंहस्थ. साधुग्रामसाठी तपोवनातली सतराशेहून अधिक झाडं तोडण्याचा विषय 2025 च्या अखेरीस निघाला, तेव्हा शहर रस्त्यावर आलं. त्या गडबडीत मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. एक मित्र म्हणाला, “तुमचे मेळेच बंद करा.” दुसरा म्हणाला, “सिंहस्थाच्या कामाला विरोध म्हणजे धर्माला विरोध.” पहिल्याला मी सांगितलं की बारा वर्षांनी एकदा अख्खा देश ज्या पाण्यात उतरतो ती गोष्ट कुणाच्या एका सहीनं बंद होत नसते. दुसऱ्याला विचारलं, लक्ष्मणानं पर्णकुटी बांधली ती कुठे? झाडं तोडलेल्या मैदानात? ज्या वनाचं नाव घेऊन साधू येणार, ते वन त्यांच्यासाठीच तोडायचं, हा कोणता धर्म?

सरकार कुणाचंही असो, त्याला बारा वर्षांतला एक महिना दिसतो. उरलेली अकरा वर्षं अकरा महिने बघणं हे आमच्यासारख्यांचं काम होतं. काय सोडायचं आणि काय धरायचं याची निवड आम्ही उलटी केली. कडी काढायची होती, ती धरून बसलो, आणि पाणी धरायचं होतं, ते जाऊ दिलं.

मागच्या चैत्रात नातवाला घेऊन गंगेवर गेलो. रथाचा दिवस होता. बुवा रथाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत होते, पोरगं डोळे विस्फारून बघत होतं. गर्दी ओसरल्यावर त्याला पायरीवर बसवलं आणि सवयीनं म्हणून गेलो, “पाय खाली सोड.” त्यानं सोडले, थोडा वेळ हलवले, आणि विचारलं, “आजोबा, खाली काय लागायला हवं?”